क्लॉक कोणी द्यायचं

मंगळवार, २७ ऑगस्ट २००२
माउमेरेला, या लांबच्या बेटावरच्या बंदराला, पोचलो. विमान एवढंसं, पण मन ताजं. निघताना पाक मुर्सिदनी, म्हणजे आमच्या साहेबांनी, जहाज कंपनीच्या अख्ख्या सुराबाया हेड ऑफिससमोर सांगितलं की राउटरच्या कामाला मास प्रियोच, म्हणजे मीच, जाणार. इतकी वर्षं फोटोकॉपी मशीनमध्ये अडकलेले कागद ओढून काढले, ते दिवस संपले. राउटरचा कोर्स झालाय. सर्टिफिकेट लॅमिनेट करून सोबत आणलंय.

काम किरकोळ आहे. इथल्या शाखेतला राउटर टेलिफोनच्या भाड्याच्या लाइनने सुराबायाच्या राउटरला जोडायचा. दोन्हीकडे एकेक मोडेम. मग जहाजांची तिकिटं, माल, सगळं थेट दिसणार, फॅक्सची कटकट बंद. उद्या दुपारपर्यंत उरकेल. शनिवारच्या विमानाने घरी.

खरं तर घाई नाही. १२ सप्टेंबरला गुरुवारी किनांतीचं तेदाक सितेन आहे. पोरगी पहिल्यांदा मातीला पाय लावणार. गुरुवार आणि जावानी पाच दिवसांच्या आठवड्यातला लगी एकत्र आलेला तिचा जन्मवार त्याच दिवशी पडतो, म्हणून दिवस हलवता येत नाही. उसाच्या शिडीवर बापाने हाताला धरून चढवायचं असतं. बायकोला, सुलिसला, शब्द दिलाय. तोपर्यंत मी घरी असून कंटाळलेला असेन.

संकल्प: रोज सकाळी समुद्रकाठी पळायचं. 'सीरियल लाइन: एक सोपी गोष्ट' हे पुस्तक लिहायला घ्यायचं.

बुधवार, २८ ऑगस्ट
पळालो नाही. कोंबड्यांनी झोपू दिलं नाही.

सगळ्या तारा लावल्या. स्क्रीनवर आलं: सीरियल अप, लाइन प्रोटोकॉल डाउन. म्हणजे तार लागली आहे, पण बोलणं सुरू नाही. माझं आणि सासऱ्यांचं आहे तसंच. अर्धं काम झालं म्हणायचं.

शाखेचे प्रमुख गोरिस. इथे मोठ्या माणसाला मोआत म्हणतात, म्हणून मोआत गोरिस. भला माणूस, पण प्रश्न फार. किती वेळ लागेल विचारलं. चहापर्यंत, म्हटलं. चहा झाला. मग कोणता चहा ते विचारलं. असल्या बोलण्याकडे लक्ष द्यायचं नाही असं ठरवलंय.

जेवायला आंबट माशाचं कालवण. छान होतं.

गुरुवार, २९ ऑगस्ट
मोआत गोरिसनी न विचारता पाद्रीबाबांना बोलावून ठेवलेलं. नवीन यंत्र आहे, आशीर्वाद हवा म्हणे. पाद्रीबाबांनी प्रार्थना म्हटली, शिंपडलं पाणी. माणसांवर थोडं, मोडेमवर बरंच. मी हात जोडून उभा होतो, नजर मोडेमवर. सगळे गेल्यावर रुमालाने पुसलं.

प्रोटोकॉल डाउनच. कारण मला कळलंय, पण पाहुण्या गावात ते बोलून दाखवायचं नसतं.

पाक मुर्सिदना फॅक्स केला: काम अंतिम टप्प्यात. त्यांचं उत्तर आलं: छान. लाइन चालू झाल्याशिवाय निघू नका.

शुक्रवार, ३० ऑगस्ट
सुराबायाच्या राउटरपाशी बू लास्त्री बसतात. मला वरिष्ठ, वयानेही, बोलायला अति गोड. त्यांचा फोन आला. आवाज कापला जात होता. त्यांनी विचारलं की तुमच्याकडे क्लॉकचं काय केलंत, दोन्हीकडचं जुळल्याशिवाय लाइन उठणार नाही.

हात्तिच्या. आपल्या भाषेत घड्याळालाही 'जाम' म्हणतात, क्लॉकलाही 'जाम'च. आधी सांगायचं ना. राउटरचं घड्याळ बघितलं तर त्यात १९९३ साल चाललेलं. त्याला कसं कळणार आज कोणाशी बोलायचंय? तारीख बसवली, वेळ बसवली. प्रोटोकॉल डाउन. वाटलंच होतं, इतकं सोपं नसतं. सुराबायाचं घड्याळ इथल्यापेक्षा एक तास मागे असतं. घोडं तिथे पेंड खातंय.

शनिवार, ३१ ऑगस्ट
विमान माझ्याशिवाय गेलं. चांगलंच झालं, घाईची कामं बरी नव्हेत.

राउटरला सुराबायाची वेळ दिली. तरी डाउन. विचार केला. राउटर एकटा कसा मानेल? भिंतीवरचं घड्याळ इथलं, सगळ्यांच्या मनगटावरची इथली, आणि मधे तो बिचारा सुराबायाचा. पुस्तकात यावर एक प्रकरण होईल.

सोमवार, २ सप्टेंबर
आजपासून अख्खं ऑफिस सुराबायाच्या वेळेवर. मी स्वतः स्टुलावर चढून भिंतीवरचं घड्याळ मागे केलं. स्टाफने विरोध केला नाही. सकाळी सुराबायाच्या वेळेने, म्हणजे एक तास उशिरा, आले आणि संध्याकाळी इथल्या वेळेने घरी गेले. बंदरावर मात्र जहाज इथल्याच वेळेने सुटलं. तिकीटवाले धक्क्यावर बोंबलत बसले.

मोआत गोरिस मला बाजूला घेऊन म्हणाले, "मास प्रियो, सूर्य काही तुमच्या हेड ऑफिसचा नोकर नाही."

हे त्यांनी इतक्या शांतपणे सांगितलं की मला आधी कौतुकच वाटलं. घड्याळ परत पुढे केलं. राउटरचं तसंच ठेवलंय, तो कोणाला सांगायला जात नाही.

मंगळवार, ३ सप्टेंबर
विमान गेलं. मी बघायला गेलो नव्हतो, डोक्यावरून गेलं.

बू लास्त्रींशी नीट बोलणं झालं. क्लॉक म्हणजे घड्याळ नव्हे. दोन मोडेमना एका ठेक्यात बोलावं लागतं. एकाने ठेका द्यायचा, दुसऱ्याने घ्यायचा. त्याचं बारीक बटण मोडेमच्या पोटाखाली आहे. घड्याळाचा मुद्दा मी चाचणी म्हणून तपासून बघितला, असं त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, हो, तेही तपासलेलं बरं. फार गोड बाई.

बटण बघितलं. माझं मोडेम 'घेणारा' वर आहे. तारा लावताना मीच ठेवलेलं, कशाचं ते न कळता. मग काय, शाखेने हेड ऑफिसला ठेका द्यायचा? आईने असं वाढवलेलं नाही.

बुधवार, ४ सप्टेंबर
आज उलगडा. सुराबायाचं मोडेमही 'घेणारा' वरच आहे. पाक मुर्सिदनी बू लास्त्रींना सांगितलं होतं की मास प्रियो एवढ्या लांब गेलेत, जाणकार आहेत, त्यांच्यावर आपला ठेका लादू नका. म्हणून त्या माझी वाट बघत होत्या आणि मी त्यांची. आठवडाभर दोन मोडेम हात जोडून दारात उभी. आपल्या जावानी माणसांचा संकोच एक दिवस आपल्याला बुडवणार आहे.

मी म्हटलं, छे छे, क्लॉक तुम्हीच द्या, तुम्ही हेड ऑफिस. त्या म्हणाल्या, नाही नाही, तुम्ही प्रत्यक्ष जागेवर आहात, तुम्ही द्या. मी म्हटलं, तुमच्यापुढे मी काय. त्या म्हणाल्या, असं कसं. फोनचा वेळ संपला.

फोन ठेवल्यावर विचार केला की वरिष्ठांनी दोनदा सांगितल्यावर ऐकावं. 'देणारा' केलं. डाउन.

गुरुवार, ५ सप्टेंबर
त्यांनीही तोच विचार केला होता. माझा मान राखायला त्यांनी 'देणारा' केलं, मीही केलं. दोघंही देतायत, घ्यायला कोणी नाही. फोनवर दोघंही दिलगिरी व्यक्त करत होतो. ठेवल्यावर मी परत 'घेणारा' केलं.

शुक्रवार, ६ सप्टेंबर
त्यांनीही केलं.

आंबट माशाचं कालवण आजही. या गावात कोंबड्या एवढ्या ओरडतात त्या शेवटी जातात कुठे कोण जाणे.

मोआत गोरिसनी सुचवलं की तुमच्यातल्या एकाने फक्त गप्प बसावं, दुसऱ्याला काय करायचं ते करू द्यावं. त्यांना टेक्निकल गोष्टी समजवणं कठीण आहे.

शनिवार, ७ सप्टेंबर
विमान. मी धक्क्यावर बसून ते दिसेनासं होईपर्यंत बघितलं. पळायचा संकल्प आहे म्हणूनच तिकडे गेलो होतो.

आता एकच उरलं, मंगळवारी दहा तारखेचं. ते पकडलं की अकराला घरी, बाराला शिडी. बसतं गणित. बोटीने जायचं तर वाटेतच पोरीचं लग्न होईल.

रविवार, ८ सप्टेंबर
सगळं गाव चर्चमध्ये. टेलिफोन बूथवर मी एकटा. सुलिसला फोन लावला. चिकट भाताचे सात रंगांचे गोळे कोण करणार, ऊस कोण आणणार, कोंबडीचा पिंजरा मिळाला की नाही, सगळं तिने सांगितलं. पोरीला पिंजऱ्यात बसवून पुढे वस्तू ठेवतात, ती जे उचलेल तेच तिचं पुढचं काम; काय काय ठेवायचं, ते सासऱ्यांनी ठरवलंय. मी म्हटलं एक पेन माझ्याकडून ठेव. ठेवलंय म्हणाली. मग म्हणाली, "मास, खरं सांगा. तुम्ही येताय की मी यित्नोला सांगू शिडीपाशी उभं राहायला?"

यित्नो तिचा भाऊ. मी म्हटलं यित्नोला कशाला त्रास, मंगळवारी निघतोय, लाइन जवळजवळ झालीच आहे. 'जवळजवळ' हा शब्द मी वापरायला नको होता. आमच्या बाथरूमचा नळही जवळजवळ दुरुस्त आहे.

मागून किनांतीचं आ आ ऐकू येत होतं. मला घरी जायचंय. बाकी काही नाही, फक्त घरी जायचंय.

सोमवार, ९ सप्टेंबर
लाइन अप. प्रोटोकॉल अप. दोन्ही अप!

कसं झालं ते शांतपणे लिहितो, पुस्तकासाठी लागेल. सकाळी मी सगळ्या तारा काढून परत लावल्या, मोडेमचं पुढचं एक बटण ठाम दाबलं, त्याचा लाल दिवा लागला, आणि राउटरने लगेच मान डोलावली. आजवर कोणीतरी ठाम वागायचीच गरज होती.

स्क्रीनवर अपच्या पुढे कंसात 'लूप्ड' असंही येतंय. वर्तुळ पूर्ण झालं असा अर्थ असावा. कोर्समध्ये हे शिकवलं होतं, त्या तासाला मी सर्टिफिकेटवर नाव नीट लिहिलंय का ते बघायला गेलो होतो.

खात्रीही केली. राउटरवरून समोरच्याला हाका मारता येतात, किती 'ओ' येतात ते मोजायचं. पाच हाका, पाच ओ. एकही चुकली नाही.

पाक मुर्सिदना फॅक्स: लाइन उभी केली, उद्याच्या विमानाने निघतो. मोआत गोरिसनी बकरा सांगितला. त्यांच्या बायकोने मला सुलिससाठी विणलेलं कापड दिलं, घेताना माझे डोळे भरून आले. ताडी घेणार नाही असा संकल्प होता, पण आनंदात संकल्प धरत नाहीत. बू लास्त्रींचा फोन आला की आमच्याकडे काहीच दिसत नाही. म्हटलं, तुमच्याकडचं तपासा. पहिल्यांदाच ठामपणे बोललो. बरं वाटलं.

सुलिसला सांगितलं, येतोय. ती रडली. यित्नोला नको सांगू म्हटलं.

मंगळवार, १० सप्टेंबर
बॅग भरून विमानतळावर होतो. वजन झालं होतं. मोआत गोरिस मोटरसायकलवरून आले, हातात फॅक्स. पाक मुर्सिद: सुराबायाला एकही अक्षर पोचलेलं नाही. निघू नका.

त्यांच्या मागे बसून ऑफिसला परत आलो. बू लास्त्रींना फोन लावला. मी म्हटलं, पाचपैकी पाच उत्तरं आली आहेत, स्वतःच्या डोळ्यांनी बघितलीत. हाक कोणत्या पत्त्यावर मारली ते त्यांनी विचारलं. मी वाचून दाखवला. तो माझ्याच राउटरचा पत्ता होता. मोडेमचं ते पुढचं बटण म्हणजे आरसा. ते दाबलं की आपण बोललेलं तारेवर न जाता आपल्याकडेच परत येतं. राउटरला वाटतं समोर कोणीतरी आहे.

मग बू लास्त्री अगदी हळू म्हणाल्या, "ते सुराबाया नव्हतं, मास प्रियो. तुमचे तुम्हीच ओ देत होतात."

कंसातला तो शब्द मी बघितला होता, हे मी त्यांना सांगितलं नाही. बाहेर विमानाचा आवाज आला. मोआत गोरिसनी उगाचच कागद चाळले. पुढचं विमान शनिवारी.

बूथवर गेलो. सुलिसने ऐकून घेतलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. बरं म्हणाली, यित्नोला सांगते म्हणाली. तुमचा बाटिकचा शर्ट त्याला देऊ का, असं विचारलं. दे म्हटलं.

बुधवार, ११ सप्टेंबर
दिवसभर काही लिहावंसं वाटलं नाही.

बटण बाहेर काढलं, लाल दिवा गेला, परत डाउन. दुपारी बू लास्त्रींचा फोन. आज गोड नव्हत्या. मी 'देणारा' करतेय, तुमचं 'घेणारा' आहे तसं असू द्या, खुर्चीवर बसा आणि दोन्ही हात मांडीवर ठेवा, असं सांगितलं. बसलो. मोआत गोरिस शेजारी बसले, बहुतेक माझ्या हातांवर लक्ष ठेवायला.

प्रोटोकॉल अप. कंसात काही नाही. सुराबायाला पाच हाका मारल्या, पाचही ओ तिथून आल्या.

एवढंच होतं. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या नाहीत. मोआत गोरिसनी पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

पुस्तक लिहिणार नाही. संकल्प एकच: आता त्या मोडेमला हात लावायचा नाही.

गुरुवार, १२ सप्टेंबर
सकाळभर लाइन छान चालू. तिकिटं दिसतायत, मालाच्या याद्या दिसतायत. मी नुसता घड्याळाकडे बघत होतो. आता पाय धुतले असतील. आता गोळ्यांवर चालवली असेल. आता शिडी.

मग बू लास्त्रींचा फोन. ऑफिसला येण्याआधी त्या आमच्या घरी गेल्या होत्या, मुद्दाम. फुटलेल्या मालाचे फोटो काढायचा ऑफिसचा डिजिटल कॅमेरा सोबत नेला होता. म्हणाल्या, शिडीवरचा फोटो लाइनवरून पाठवतेय, बघा तुमच्याच लाइनवरून. शिवाय पिंजऱ्यानंतर फोटोसाठी परत शिडीवर उभी केली, पोरीने काय उचललं तेही तिच्या मुठीत दिसेल, मी सांगणार नाही. एवढ्या चांगल्या बाईशी मी ठामपणे बोललो होतो.

मोठा फोटो होता. वरून खाली उलगडत होता, एकेक पट्टी. आधी मांडवाचं कापड. मग नारळाच्या झावळ्यांची नक्षी. मोआत गोरिस, त्यांची बायको, तिकीटवाले, सगळे माझ्या मागे गोळा झाले. सुलिसचा अंबाडा, त्यात मोगऱ्याची माळ. तिचं कपाळ, मग डोळे. ती हसत होती. मी सगळ्यांना सांगितलं की ही माझी बायको. उसाच्या शिडीचं टोक आलं. ते धरलेला एक पुरुषाचा हात, बाटिकची बाही. शर्ट माझा आहे, हेही सांगितलं.

मग किनांतीचं टोपडं. टोपड्याखाली कुरळे केस. पट्टी सावकाश उतरत होती. कोणीतरी म्हणालं, आता चेहरा येईल. मोआत गोरिसच्या बायकोने माझा खांदा धरला.

फोटो नीट येत होता. फक्त सावकाश. फारच सावकाश. मोडेमच्या मागे वेगाचं एक छोटं बटण आहे, ते एक घर पुढे केलं की झपाट्याने येईल असं मला वाटलं.

सीरियल अप, प्रोटोकॉल डाउन. किनांती कपाळापर्यंत आली आहे. बटण परत मागे केलं, काही फरक नाही. बू लास्त्रींचा फोन वाजतोय, मी अजून उचललेला नाही. सगळे विचारतायत काय झालं. सुराबायाकडून काहीतरी प्रॉब्लेम आहे, असं सांगितलंय.